विडंबनकाराचा निजस्वर

ज्या कलावंताची सारी कीर्ती दुसऱ्यांच्या गाण्यांवर उभी आहे असे जग चार दशके समजत आले, त्याने साठीच्या उंबरठ्यावर एक दौरा आखावा, आपण मला ज्या विडंबनांमुळे ओळखता ती या मैफलींत प्रायः ऐकू येणार नाहीत, वेशांतरे नसतील, पडद्यावर चित्रफिती नसतील, पाच माणसे उंच स्टुलांवर बसतील आणि माझीच जुनी, अल्पपरिचित गाणी वाजवतील, असे आधीच स्वच्छ बजावून ठेवावे, आणि एवढे सगळे कळल्यावरही गावोगावची नाट्यगृहे भरून जावीत, ही गोष्ट मला विनोदाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी वाटते. ‘वीअर्ड अल’ यँकोविक हा तो अमेरिकन कलावंत. असा पहिला दौरा त्याने २०१८ साली काढला आणि त्याला अविचारी अहंकाराचा व आत्मलाडाचा दौरा अशा आशयाचे लांबलचक नाव दिले. २०२२ साली त्याच दौऱ्याचे ‘दुर्दैवी पुनरागमन’ घडवले. एप्रिलमध्ये निघालेली ही मंडळी गावे पालथी घालीत २९ ऑक्टोबरला, शनिवारी, न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मुक्कामाला आली आणि तेथे या दौऱ्याच्या अमेरिकेतल्या फेरीची समाप्ती झाली. त्या मैफलीला मी हजर होतो.

अल्फ्रेड मॅथ्यू यँकोविकचा जन्म १९५९ सालचा, कॅलिफोर्नियातला. घरोघर हिंडून संगीतवर्गाची जाहिरात करणारा एक विक्रेता दारी आला, गिटार शिकवायची की अकॉर्डियन असा प्रश्न त्याने आईवडिलांपुढे ठेवला, आणि फ्रँकी यँकोविक नावाचा पोल्का संगीताचा एक विख्यात वादक त्या काळी घरोघरी ठाऊक असल्यामुळे (त्याच्याशी नाते काहीच नव्हते, आडनाव तेवढे एक) त्या दोघांनी अकॉर्डियनच्या बाजूने निकाल दिला. सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पहिला पाठ झाला. पुढे रॉक संगीताच्या झंझावातात हे वाद्य जुन्या पिढीच्या लग्नसमारंभांपुरते उरले आणि तरुणांच्या मंचावरून जवळजवळ हद्दपार झाले. पण या मुलाने ते गळ्यातून उतरवले नाही. मराठी माणसाला या वाद्याविषयी आपुलकी वाटावी याला सबळ कारण आहे. भात्याच्या वाऱ्याने धातूच्या पट्ट्या थरथरतात आणि त्यांतून स्वर उमटतो, ही जी अकॉर्डियनची रचना तीच आपल्या बाजाच्या पेटीची. दैवही दोघींचे सारखेच. परदेशातून आलेली, मींड न जाणणारी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या दरबारात मज्जाव केला होता. आणि तरीही गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली ती गात राहिली, पु. ल. देशपांड्यांच्या मांडीशी बसून ती हसऱ्या माणसाच्या अंतरंगातला गंभीर सूर सांगत राहिली. विनोदाने महाराष्ट्राला वेड लावणारा लेखक पेटीपुढे बसला की किती निराळा, किती एकाग्र दिसे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अकॉर्डियन छातीशी धरून डोळे मिटणारा अल परका वाटणार नाही.

माझी व त्याची ओळख ऐंशीच्या दशकातली. शिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जी पहिली हिवाळ्याची रात्र येते, तिच्या निःशब्दतेची कल्पना पुण्यामुंबईच्या माणसाला करून देणे अवघड आहे. अशा रविवारच्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मी एक रेडिओ कार्यक्रम ऐकत असे. ‘डॉक्टर डिमेंटो’ या टोपणनावाने बॅरेट हॅन्सेन नावाचे एक व्यासंगी गृहस्थ तो सादर करीत आणि अर्ध्या शतकातल्या विनोदी ध्वनिमुद्रिकांचे दप्तर श्रोत्यांपुढे उलगडून ठेवीत. शाळकरी वयात अलने आपली गाणी घरी फितीवर ध्वनिमुद्रित करून त्यांच्याकडे धाडली होती, आणि १४ सप्टेंबर १९८० रोजी त्याच कार्यक्रमात त्याने एक विडंबन प्रत्यक्ष गायिले. त्या वेळी ताल धरायला कोणी नव्हते, म्हणून तेथेच नुकताच भेटलेला जॉन श्वार्ट्झ हा तरुण पुढे झाला आणि त्याने अकॉर्डियनच्या रिकाम्या पेटाऱ्यावर थापा मारून साथ केली. हाच श्वार्ट्झ कार्नेगी हॉलमध्येही ताल धरायला होता. गिटारवादक जिम वेस्ट आणि बासवादक स्टीव्ह जे हे १९८२ च्या सुमारास आले, नव्वदीच्या प्रारंभी रूबेन वाल्टिएरा कळफलकावर बसला, आणि तेव्हापासून हा संच फुटलेला नाही. ज्या व्यवसायात दोन ध्वनिमुद्रिकांच्या अंतरात मंडळी एकमेकांवर फिर्यादी गुदरतात, तेथे हे सौहार्द मला एखाद्या गायकाच्या तयारीइतकेच आदरणीय वाटते.

परक्या देशात आलेल्या श्रोत्याचा एक अनुभव मात्र येथे सांगितला पाहिजे, कारण माझ्या साऱ्या प्रेमाचे मूळ त्यात आहे. अमेरिकन श्रोता विडंबन ऐकतो तेव्हा मूळ गाणे त्याच्या कानात आधीच घुमत असते. दोहोंतल्या अंतरावर तो हसतो. मला मूळ गाणीच ठाऊक नव्हती. मी प्रथम ऐकली ती विडंबने, आणि पुढे कधीतरी दुकानात, बसमध्ये, कोणाच्या खिडकीतून मूळ गाणे कानी आले की जुन्या परिचिताचा थोरला भाऊ अवचित भेटावा तसा मी थबकत असे. त्यामुळे विडंबनातला चमत्कार काढून घेतला तर मागे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर मला फार लवकर मिळाले. उरत होती ती अक्षरांची बिनचूक मोजदाद, यमकांची अनपेक्षित पण अटळ वाटणारी सांगड, एका क्षुल्लक विषयाला शेवटपर्यंत निष्ठेने नेण्याची चिकाटी आणि या सगळ्याच्या तळाशी एका मनुष्याचा स्वतःचा, कोणाच्याही उसन्या नसलेल्या स्वभावाचा नाद. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली ती १९२५ साली. रविकिरण मंडळातल्या ज्या कवींची त्यांनी थट्टा केली त्यांच्या कविता आज अनेकांना पाठ नाहीत, पण झेंडूची फुले टवटवीत आहेत, याचे कारण हेच की वृत्तावर अत्र्यांची हुकमत होती आणि त्या हुकमतीत अत्रे स्वतः बोलत होते.

म्हणून या मैफलीची वार्ता आली तेव्हा मला ती चाळीस वर्षे मनात धरलेल्या एका कैफियतीची सुनावणी वाटली.

त्या दिवशी न्यू जर्सीतून दुपारच्याच गाडीने निघालो. मैफल संध्याकाळची होती, परंतु ज्या दिवसाची इतकी प्रतीक्षा केली तो दिवस घरी वर्तमानपत्र चाळण्यात घालवणे मनाला मानवेना. पेन स्टेशनवर उतरून सेव्हन्थ अॅव्हेन्यूने उत्तरेकडे चालत गेलो. हॅलोविनचा सण सोमवारी होता आणि त्याच्या आधीचा हा शनिवार असल्यामुळे अवघे शहर सोंगे घेऊन रस्त्यावर उतरले होते. चाचे, चेटकिणी, अंतराळवीर, पांढरी चादर पांघरलेली भुते टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांखाली एकमेकांची छायाचित्रे काढीत होती. ज्याने आयुष्यभर प्रत्येक गाण्याला नवे सोंग घेतले, रबरी पोटे बांधली, टोप चढवले, दाढ्या लावल्या, तो या एवढ्या सोंगांच्या नगरीत आज कोणतेही सोंग न घेता गाणार होता. या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटले आणि सत्तावन्नाव्या रस्त्यापर्यंतची वाट कशी सरली ते कळले नाही.

हॉलबाहेर त्याचे भक्त जमू लागले होते. त्यांना ओळखणे अवघड नव्हते: त्याच्या आवडीचे भडक फुलांचे हवाईयन सदरे ऑक्टोबरच्या थंडीतही अंगरख्यांतून डोकावत होते. एका आजोबांबरोबर दहाअकरा वर्षांची नात होती आणि दोघांच्याही अंगात एकाच छापाचा सदरा होता. मध्यमवयीन अभियंते होते, शाळामास्तर असावेत असे वाटणारे गृहस्थ होते, काळ्या पोशाखातली तरुण मुले होती. बोलणे सुरू व्हायला ओळखीची गरज पडत नव्हती. या दौऱ्यात गाण्यांची यादी प्रत्येक रात्री बदलत असल्यामुळे जो तो आपापल्या गावच्या यादीचे वर्णन करीत होता, आणि ज्या गाण्यांना रेडिओवर किंवा दूरचित्रवाणीवर कधी फारसे स्थान मिळाले नाही अशा गाण्यांची नावे ती माणसे वारकऱ्यांनी अभंगांची घ्यावीत तशी घेत होती. परदेशात इतकी वर्षे राहूनही समूहात मिसळताना जो एक अंतःस्थ संकोच माझ्या अंगी असतो तो त्या रांगेत मला जाणवला नाही.

कार्नेगी हॉलची वास्तू १८९१ सालची. उद्घाटनाच्या मैफलीला प्रत्यक्ष चायकोव्स्की वाद्यवृंदाचे संचालन करण्यास आला होता. १९६० साली ती पाडून टाकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांनी लढा दिला आणि नगर प्रशासनाने ती विकत घेतली म्हणून ती आज उभी आहे. तिचा वास्तुविशारद विल्यम टटहिल हा हौशी चेलोवादक होता, आणि नादाची जाण असलेल्या माणसाने बांधलेल्या त्या शुभ्रसोनेरी घुमटाखाली शब्दाचे शेवटचे व्यंजनही सर्वांत वरच्या सज्जापर्यंत पोहोचते. अलची पदवी वास्तुशास्त्रातलीच आहे. सॅन लुईस ओबिस्पोच्या महाविद्यालयात तो हे शास्त्र शिकत असताना, १९७९ साली, त्याने आपले पहिले गाजलेले विडंबन ध्वनिमुद्रित केले ते महाविद्यालयीन रेडिओ केंद्रासमोरच्या एका स्वच्छतागृहात. कारण तेथल्या फरशांमुळे आवाजाला घुमारा छान येत होता. वास्तूचा आणि नादाचा संबंध त्या विद्यार्थ्याला पुरता उमगला होता, एवढेच मला त्यावरून म्हणावयाचे आहे. त्या फरशांपासून टटहिलच्या या सभागृहापर्यंतचे अंतर त्याने अकॉर्डियन न टाकता चालून पार केले.

आरंभी एमो फिलिप्स या विनोदकाराने आपल्या विलक्षण, हेलकावणाऱ्या स्वरात श्रोत्यांना हसवले आणि मग, सहाच दिवसांपूर्वी ६३ वर्षांचा झालेला अल आपल्या चार सहकाऱ्यांसह येऊन बसला. उंच स्टूल, अकॉर्डियन, पाण्याचा पेला. आणखी काही नव्हते. टाळ्या थांबेनात, आणि त्यांत जयघोषापेक्षा कृतज्ञता अधिक होती असे मी निःशंक सांगतो.

त्याच्या स्वतंत्र गाण्यांचे स्वरूप मराठी वाचकाला थोडे विशद करून सांगायला हवे. यांतील पुष्कळ गाणी कोणा एका गाण्याचे विडंबन नसतात. ती कोणा एका गायकाच्या किंवा संचाच्या समग्र शैलीत, पण सर्वस्वी नवी बांधलेली असतात. एखाद्या गवयाने दुसऱ्या घराण्याची गायकी इतकी आत्मसात करावी की त्या घराण्यात कधीच नसलेली बंदिश त्याने रचली तरी खाँसाहेबांना ती आपल्याच आजोबांची वाटावी, अशी ही करामत आहे. १९८५ साली त्याने डेव्हो या संचाच्या धर्तीवर एक गाणे केले. ते ऐकून त्या संचाचा मार्क मदर्सबॉ याने पुढे सांगितले की जो ध्वनी आम्ही शोधत होतो तो याला सापडला, आणि म्हणून मला याचा मत्सर वाटला. बॉब डिलनच्या शैलीतले २००३ चे एक गाणे तर असे आहे की त्याची प्रत्येक ओळ उलट वाचली तरी तीच राहते, आणि डिलनच्या गूढ प्रतिमांप्रमाणे ती अर्थपूर्ण भासत राहते. १९९९ चे त्याचे एक कथागीत अकरा मिनिटांहून अधिक चालते आणि निरर्थकाच्या अरण्यातून श्रोत्याला असे हिंडवते की शेवटी त्या अरण्याचाच लळा लागावा.

चित्रफिती आणि वेशभूषा असतात तेव्हा डोळे हसतात व कान थोडे सैल पडतात. त्या रात्री कानांना कोणताच आडोसा नव्हता, आणि मग ऐकू आले ते असे: बोलगाण्याच्या वेगातही एक अक्षर गिळले जात नाही, बासची ओळ मूळ शैलीतल्या वादकाच्या सवयीसुद्धा उचलते, पाच जणांचा आवाज एका शब्दावर एकदम थांबतो आणि त्या नेमक्या विरामातच हास्याचा कल्लोळ उठतो. विनोद आणि लय ही एकाच गुणाची दोन नावे आहेत असे मला फार दिवसांपासून वाटते, आणि त्याला इतके निर्विवाद प्रमाण पूर्वी कधी मिळाले नव्हते. समेवर येताच मान हलावी तसे श्रोते समेवर हसत होते. माझ्या शेजारी बसलेला एक तरुण अक्षरन् अक्षर ओठांनी पुटपुटत होता, पण आवाज काढीत नव्हता, जणू गाणाऱ्याच्या शब्दाला आपला शब्द लागू नये.

हा मनुष्य मला केवळ कलावंत म्हणून प्रिय आहे असे नाही. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालच्या एका निकालात विडंबनकाराच्या बाजूला कायद्याचे मोठे संरक्षण उभे केले. तत्पूर्वी आणि तदनंतरही अलचा रिवाज एकच राहिला, मूळ गीतकाराची परवानगी घेतल्यावाचून विडंबन प्रसिद्ध करायचे नाही. मायकेल जॅक्सनने ती दोनदा दिली, आणि दुसऱ्या वेळी आपल्या चित्रपटासाठी उभारलेला भुयारी स्थानकाचा देखावाही चित्रीकरणास देऊ केला. कर्ट कोबेनने विचारले की गाणे खाद्यपदार्थांवर असेल काय, तेव्हा अलने उत्तर दिले की नाही, तुमचे शब्द कोणाला कळत नाहीत यावर असेल. कोबेन हसून कबूल झाला. पॉल मॅकार्टनी शाकाहारी असल्यामुळे मांसाच्या पदार्थावरच्या गाण्याला राजी नव्हता. अल स्वतः शाकाहारी, त्याला ते पटले व त्याने तो विचार सोडला. प्रिन्सने नेहमी नकार दिला, आणि तो नकारही मानला गेला. एकदाच घोटाळा झाला. कूलिओची संमती आहे असा निरोप मध्यस्थांकडून आला, तो चुकीचा ठरला, कूलिओ संतापला, अलने क्षमायाचनेचे पत्र लिहिले. काही वर्षांनी दोघांचा समेट झाला आणि आपला संताप अस्थानी होता असे कूलिओने स्वतः बोलून दाखवले. या मैफलीच्या अवघ्या एक महिना आधी, २८ सप्टेंबर २०२२ रोजी, कूलिओचे निधन झाले होते. ज्याची थट्टा करायची त्याच्या दारी आधी अर्ज घेऊन जाणारा विनोदकार मी दुसरा पाहिलेला नाही. हसवण्याच्या हक्काची सनद हाती असूनही माणुसकीची मंजुरी मागणे, ही सभ्यता त्याच्या गाण्यांतही आहे. म्हणूनच त्याच्या थट्टेने कोणी लहान होत नाही.

मैफलीत मध्येच एका हळुवार चालीच्या गाण्याला मला २००४ सालच्या एप्रिलची आठवण झाली. कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरी शेकोटीचा विषारी वायू कोंडून त्याच्या आईवडिलांचा एकाच वेळी अंत झाला. अल तेव्हा दौऱ्यावर होता. त्या संध्याकाळची मैफल त्याने रद्द केली नाही. माझ्या गाण्यांनी पुष्कळांना दुःखातून तारले असे मला ती माणसेच सांगतात, तेव्हा ती मलाही तारतील, अशा आशयाचे काहीतरी त्याने नंतर सांगितले. मराठी माणसाला येथे ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही: १२ मार्च १९११, आणि त्याच दिवशी कन्या दगावलेले बालगंधर्व रंग लावून उभे. पण बालगंधर्वांना निदान भामिनीच्या पदांत आपला कंप लपवायला जागा होती. हास्याच्या गाण्यात तशी जागा नसते. तेथे अश्रूचा एक कण मिसळला तरी लय चुकते. अकॉर्डियन शिकवावी असा निकाल देणारी ती दोन माणसे त्याच दिवशी गेली होती, आणि तो तेच वाद्य गळ्यात घालून लोकांना हसवीत होता. याला मी धैर्य म्हणतो, आणि त्या शब्दाचा वापर मी एरवी फार जपून करतो.

शेवटी अर्थातच आग्रह झाला, आणि मग पाचही जणांनी जुन्या विडंबनांची एक माळ अगदी नव्या, साध्या चालींत गुंफून म्हटली. ज्यांच्यासाठी जग त्याला ओळखते ती गाणी पाहुण्यासारखी उशिरा आली आणि मानाने परतली. त्याच्या मैफलींत एक जुना प्रघात आहे: गाणे मध्येच थांबवून सगळे जण अर्थहीन अक्षरांचा एक दीर्घ, गुंतागुंतीचा जप एकसमयावच्छेदेकरून म्हणतात, हातवाऱ्यांसह, एकही ठोका न चुकवता. तराण्याने ज्याचे कान घडले आहेत त्याला हा प्रकार ऐकताना जो आनंद होतो तो मी कोणत्याही समीक्षकाशी वाद घालून सिद्ध करण्यास तयार आहे.

बाहेर पडलो तरी मंडळी पांगत नव्हती. पदपथावर घोळके करून, यादीत कोणते गाणे असायला हवे होते यावर अत्यंत गांभीर्याने खल चालला होता. शेजारच्या खुर्चीतला तो पुटपुटणारा तरुण पेन स्टेशनकडेच निघाला होता. आम्ही बरोबर चालू लागलो. त्याचे मत त्या अकरा मिनिटांच्या कथागीताला होते. मी उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या ओळींच्या गाण्याची बाजू मांडली, कारण इतक्या जाचक बंधनात राहूनही ज्याची चाल डौलदार राहते त्याच्या कारागिरीला पहिले आसन दिले पाहिजे असा माझा आग्रह आहे. तुमच्या भाषेत असे काही आहे काय, असे त्याने विचारले. शाळेत प्रत्येक मराठी मूल शिकते ते ‘चिमा काय कामाची’ मी त्याला म्हणून दाखवले आणि आमच्याकडे हा खेळ अक्षरांनी चालतो, सुट्या वर्णांनी नव्हे, हेही समजावले. मग ‘रामाला भाला मारा’ सांगितले. चेटकिणींच्या आणि चाच्यांच्या गर्दीतून वाट काढीत तो गृहस्थ बेचाळिसाव्या रस्त्यापर्यंत ती दोन वाक्ये सुलट आणि उलट घोकत आला, आणि तेथे थांबून, अलला ही कळवली पाहिजेत, असे त्याने मला निक्षून सांगितले.